कव्हर झाकून ऐकलेला अल्बम

कानसेन हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रेकॉर्डच्या दुकानातल्या मंडळींनी ते त्यांना आधी चेष्टेने दिलं, मग मानाने, आणि त्यांनी ते इतक्या खुशीत अंगावर घेतलं की दवाखान्यातली नर्ससुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारायला लागली. धंद्याने ते कवळ्या करायचे. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण आणि लोकांच्या जबड्यांचे ठसे मांडून दिवसभर बसायचे, कानाला हेडफोन. पेशंट पुढच्या खोलीत, हे मागच्या. ज्या बाईसाठी दात केले ती हसताना कशी दिसते, हे त्यांनी एकदाही जाऊन पाहिलं नाही. "तोंड कशाला बघायचं? ठसा असला की झालं," असं म्हणायचे, आणि वर ते मोठं शहाणपण असल्यासारखं सगळ्यांकडे बघायचे.

त्यांची बायको पडदे शिवायची. गल्लीत तिला पडदेबाई म्हणत. नवीन घर घेतलं की लोक तिला खिडक्यांची मापं घ्यायला बोलवायचे. ती टेप घेऊन जायची, चुण्या किती, अस्तर हवं का, रिंगा लोखंडी की लाकडी, सगळं विचारून यायची आणि घरी मशीनवर बसायची. मात्र संध्याकाळी कानसेन कामावरून आले की मशीन बंद. मिक्सर बंद, नळ बंद. जेवायला बसेपर्यंतचा सगळा वेळ त्यांच्या ऐकण्याचा. त्या वेळात घरात कुणी चालायचं तर पायातलं काढून, आणि दार लावायचं तर दोन्ही हातांनी धरून. "हळू, बाबा ऐकतायत," हे वाक्य पडदेबाईने जन्मात जितक्या वेळा म्हटलं, तितक्या वेळा स्वतःचं नावसुद्धा सांगितलं नसेल.

ते ऐकायचे रॉक. तोही कुठल्या मोठ्या कंपनीने काढलेला नाही. पदरमोड करून, कुणाच्या गॅरेजमध्ये नाहीतर शाळेच्या रिकाम्या हॉलमध्ये पोरांनी स्वतः रेकॉर्ड केलेला. ही आवड त्यांना तरुणपणी लागली आणि केस गेले तरी गेली नाही. वर्षाच्या शेवटी ते अशा अल्बमांतले त्यांना आवडलेले दहा निवडायचे. यादी ते आधी दुकानात सगळ्यांसमोर वाचायचे, मग ती एका घडीच्या कागदावर छापून दुकानाच्या काचेवर लागायची. अलीकडे पोरं तिचे फोटो काढून फोनवर फिरवायची आणि दुसऱ्या शहरांतली लोकंही ती वाचायची. दहाच्या खाली 'उरलेले' असा मथळा असायचा आणि त्याखाली एकेका अल्बमवर एकेक ओळ. लोक आधी तेच वाचायचे. एका बँडबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "गिटार लावून झाली तेव्हाच थांबले असते तर बरं झालं असतं." त्या बँडने नंतर खरोखरच थांबवलं. कानसेनांना त्याचं वाईट वाटलं का, असं पडदेबाईने एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "मी काय त्यांचा मामा आहे?"

आता त्यांच्या दोन नियमांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्या नियमांपायीच झालं.

पहिला नियम असा, की अल्बम ऐकायचा तो कव्हर न बघता. फार पूर्वी एका देखण्या कव्हरला भुलून त्यांनी एक भिकार अल्बम यादीत पहिला लावला होता आणि दुकानात त्यांचं हसं झालं होतं. तेव्हापासून बँडवाल्यांकडून येणारी पाकिटं बायकोनेच फोडायची. सीडी काढून कोऱ्या पांढऱ्या खोळीत घालायची, कव्हर पडद्यांच्या कापडाच्या पेटीत टाकायचं, वर कापड. कानसेन भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसायचे आणि ती पाठीमागे प्लेअरवर सीडी लावायची. तीनदा ऐकून झाल्याशिवाय आणि क्रम ठरल्याशिवाय नाव कळता कामा नये. नाव तर सोडाच, बायकोच्या चेहऱ्यावरूनही काही कळता कामा नये. सुरुवातीला ते मागे वळून बघायचे आणि म्हणायचे, "तू हसलीस. म्हणजे कुणीतरी नावाजलेला आहे. चल, हा बाद." मग ती चेहरा कोरा ठेवायला शिकली. शिकली म्हणजे इतकी शिकली, की तिची आई गेल्याची तार आली तेव्हा कानसेन शेवटचं गाणं ऐकत होते, आणि ते संपेपर्यंत ती तशीच कोऱ्या चेहऱ्याने प्लेअरपाशी उभी राहिली. कानसेनांना नंतर कळलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, सांगायचं तरी!"

दुसरा नियम, ओळखीच्या माणसाचा अल्बम यादीत घ्यायचा नाही. हा नियम निघाला तो जाड्यावरून. जाड्या म्हणजे त्यांचा शाळेपासूनचा दोस्त, चांगला ड्रमर, आणि ह्यांच्याकडे रोजचं जाणं-येणं. एका वर्षी क्रम ठरवून झाला, बायकोने कव्हरं काढली, तर तिसऱ्या नंबरावर जाड्याचा बँड. कानसेनांनी तिथल्या तिथे लाल पेनने काट मारली. जाड्या म्हणाला, "अरे गाढवा, तुला माझं नाव न कळता आवडलं ना? मग अडचण काय आहे?" हे म्हणाले, "लोक काय म्हणतील?" जाड्या पुन्हा घरी आला नाही. आणि कानसेन दरवर्षी यादी वाचण्याआधी ही गोष्ट दुकानात सगळ्यांना सांगायचे. "मैत्री गेली, पण यादी स्वच्छ राहिली," असा शेवट करायचे. लोक टाळ्या वाजवायचे. पडदेबाईला त्या टाळ्यांचा राग यायचा, पण बोलते कुणाजवळ?

त्यांना एक मुलगी होती. लहानपणी ती फार गायची. जेवताना, वेणी घालताना, चपला शोधताना, कारण नसताना. कानसेन तिच्यावर कधी ओरडले नाहीत, हे खरं. खुर्चीतून मान न वळवता ते नुसतं एक बोट वर करायचे. बोट वर झालं की गप्प. "एका घरात एका वेळी एकच गाणं," असं म्हणायचे, आणि ते एक गाणं कुणाचं असणार, हे काही सांगायला नको. मग पोरगी गच्चीवर जायला लागली. तिथे पाण्याची काळी टाकी होती, तिच्याखाली वाकून बसलं की आवाज घुमायचा. पडदेबाई वाळलेले कपडे काढायला म्हणून वर जायची आणि कपडे हातात घेऊन उभी राहायची. एकदा तिने धीर करून नवऱ्याला सांगितलं, "अहो, पोरगी छान गाते. एकदा ऐका तरी."

"गाईल, गाईल," कानसेन म्हणाले. "आधी ऐकायला शिक म्हणावं."

पुढे पोरगी मोठी झाली, नोकरी लागली आणि दुसऱ्या शहरात फरशांच्या एका दुकानात हिशेब बघायला लागली. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, निदान घरात कुणीतरी आवाज चढवला असता. ती फोन करायची दुपारचा, बाबा कामावर असताना, आणि आईशीच बोलायची. शेवटी विचारायची, "बाबा काय ऐकतायत सध्या?" कानसेनही महिन्या-दोन महिन्यांनी विचारायचे, "पोर बरी आहे ना?" दोघांच्या मधे पडदेबाई निरोप्यासारखी इकडचं तिकडे पोचवत राहिली, आणि पोचवण्यासारखं फारसं काही नसायचं.

यंदा यादीच्या दिवसांत पाकिटं यायला लागली तेव्हा एका दुपारी लेकीचा फोन आला.

"आई, एक पाकीट येईल. वर टाकीचा फोटो असेल. नेहमीसारखं लाव. काही बोलू नकोस."

पडदेबाईच्या हातातली सुई तशीच राहिली. "तू? अल्बम? अगं, कधी केलास?"

"दोन मैत्रिणी आहेत, एक बेस वाजवते, एक ड्रम. गिटार मीच. दुकान बंद झाल्यावर तिथल्याच गोदामात रेकॉर्ड केलं."

"अगं पण त्यांचा तो नियम..."

"माहितीये. ते मला यादीत घेणार नाहीत. मला यादी नकोच आहे, आई." लेक म्हणाली. "मला एवढंच बघायचंय की ते ओळखतात का."

"हे काय बोलणं झालं? बाप आहे तो तुझा. दोन गिटारमधली कुठली कुणाची ते सांगतो. तुला ओळखणार नाही?"

"मग झालं तर," लेक म्हणाली.

पाकीट आलं. कव्हरवर काळी टाकी होती, त्यांचीच, कडेला तडा गेलेली. बँडचं नाव 'टाकीखाली'. अल्बमचं नाव 'दार हळू लाव'. आधी ऐकायची तिला परवानगी नव्हती, पण त्या दिवशी तिने परवानगी गेली खड्ड्यात असं मनात म्हटलं, मशीनवरचं निम्मं शिवलेलं कापड बाजूला सारलं आणि सीडी लावली. गिटार सुरू झाली. मग लेकीने गाण्यासाठी श्वास घेतला, आणि शब्द यायच्या आधीच पडदेबाईला रडू फुटलं. श्वासावरून ओळखायला तिला काही कानसेन असायची गरज नव्हती. चौथं गाणं अल्बमच्या नावाचं होतं. त्यात एक घर होतं, तिथे सगळे चवड्यांवर चालत होते, आणि आई पुन्हा पुन्हा म्हणत होती, दार हळू लाव, दार हळू लाव. शेवटी गिटार अशी फाटत गेली की भिंतीवरचं घड्याळ थरथरलं. पडदेबाईने खिडक्या लावल्या नाहीत. शेजाऱ्यांनी ऐकलं तर ऐकू दे.

ह्याला कळणार, तिला वाटलं. दगडाला कळेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कानसेन भिंतीकडे तोंड करून बसले. आधी 'उलटा पंखा' नावाच्या बँडचा अल्बम झाला. त्यातली बेस त्यांना आवडली, मान हलत होती. मग 'सुटं बटण' नावाची एक जोडी झाली, नवरा-बायको, दोघंच, ड्रमच्या जागी पत्र्याचा डबा. "मजा आहे," ते म्हणाले, "पण डबा डब्यासारखाच वाजतोय." मग तिने लेकीची सीडी लावली. ती पहिल्यांदा नीट बसलीच नाही, काढून पुन्हा लावावी लागली.

पहिल्या गाण्याला कानसेन ताठ बसले. दुसऱ्याला त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. चौथं गाणं संपल्यावर ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "काय बाप असेल गं हा. असल्या घरातून पोरगी पळून गेली नाही तर नवलच."

पडदेबाईला वाटलं, आता हे वळतील. आता लक्षात येईल. पण ते वळले नाहीत. "आणि हा आवाज!" ते म्हणाले. "इतकी वर्षं ऐकतोय मी, असा आवाज कधी ऐकलेला नाही."

हे मात्र अक्षरशः खरं होतं.

दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हाही तेच. तिसऱ्या खेपेला पडदेबाईने नियम मोडला. सीडी लावून ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि चौथ्या गाण्याबरोबर हळूहळू गुणगुणायला लागली. तिला गाता येत नव्हतं. सूर कुठल्या कुठे जात होता. पण तिने ती ओळ म्हटली, जशी ती वर्षानुवर्षं ह्याच दारात उभी राहून पोरीला म्हणायची, त्याच सुरात, दार हळू लाव. ह्याहून स्पष्ट आता काय सांगायचं माणसाला?

कानसेनांनी मान न वळवता एक बोट वर केलं.

ती गप्प झाली. त्या बोटाचा इतका संताप तिला आयुष्यात कधी आला नव्हता. हातातलं भांडं फेकून मारावं असं वाटलं. तिने ते जागेवर ठेवलं, आवाज न करता, कारण हातांना दुसरं काही येतच नव्हतं.

यादी ठरली. कानसेनांनी खोळी ओळीने टेबलावर मांडल्या आणि म्हणाले, "आण आता कव्हरं." दरवर्षी हा त्यांचा सगळ्यात आवडता क्षण. दहापासून सुरुवात करायचे, एकेक कव्हर खोळीवर ठेवायचे आणि लहान मुलासारखे खूश व्हायचे. दुसऱ्यावर 'उलटा पंखा' निघाला. "वाटलंच होतं!" ते म्हणाले. पहिलं कव्हर त्यांनी हातात घेतलं. टाकीचा फोटो बघितला. तो बघूनही त्यांना काही वाटलं नाही, कारण गच्चीवर ते कधी जातच नव्हते. मग त्यांनी कव्हर उलटलं. बेस, ड्रम, आणि खाली 'शब्द, गिटार, आवाज', आणि त्यापुढे लेकीचं नाव.

त्यांनी ते पुन्हा वाचलं. चष्मा पुसून आणखी एकदा वाचलं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"आवाज बदललाय तिचा," कानसेन म्हणाले.

"कधीपासून बदललाय?" पडदेबाईने विचारलं. "आधी कसा होता? सांगा ना. आधी कसा होता?"

असं तिने त्यांना कधी विचारलं नव्हतं. ते कव्हर हातात घेऊन बसून राहिले. अंगठा लेकीच्या नावावरून फिरत होता. त्यांचे डोळे भरून आले, हे पडदेबाईने स्वतः पाहिलं, उगाच खोटं कशाला सांगा. त्या घटकेला त्यांनी फोन उचलला असता तर तिने मागचं सगळं विसरून टाकलं असतं, आईची तारसुद्धा.

"चांगली गाते गं," ते म्हणाले.

"हे तिला सांगा."

"सांगीन ना. सांगीन." आणि मग तिच्या डोळ्यांदेखत त्यांचा हात खिशाकडे गेला आणि लाल पेन बाहेर आलं. "पण यादीत नाही घेता येणार. जाड्याला काय तोंड दाखवू? लोक म्हणतील पोरीला पुढे केलं."

"नका घेऊ यादीत. तिला यादी नकोच आहे. नुसता एक फोन करा."

"करतो म्हटलं ना? आधी हे वाचन होऊ दे. एकदा यादी हातावेगळी झाली की मग निवांत बोलू."

काट मारून झाली. फोन काही झाला नाही. दोन दिवस वाट बघून पडदेबाईनेच लेकीला फोन केला. "रविवारी ये. दुकानात वाचन आहे. ये तू."

"ओळखलं का त्यांनी?"

"तू ये तर," ती म्हणाली. आल्यावर समोरासमोर काहीतरी होईल, बाप पोरीला जवळ घेईल, आणि मग कुणी कधी ओळखलं ह्याला काही अर्थ राहणार नाही, असा तिने हिशेब केला होता. तिचा हिशेब पडद्यांच्या बाहेर कधी बरोबर आला नव्हता.

रविवारी संध्याकाळी दुकान भरलं होतं. सीडीचे खण भिंतीला सरकवून मधे खुर्च्या टाकल्या होत्या, तरी निम्मे लोक उभे होते. गिटारच्या पिशव्या, लांब केस, दोन-तीन बँडवाले अंग चोरून कोपऱ्यात, आपलं नाव दहात येतं की उरलेल्यांत ह्या काळजीत. दुकानाच्या काचेच्या दाराची स्प्रिंग गेली होती. सोडून दिलं की ते धाडकन आपटायचं, आणि उशिरा येणारा प्रत्येक जण ते सोडूनच देत होता. दर वेळी कानसेन वाचता वाचता थांबायचे, डोळे मिटायचे, आणि दुकानदार ओरडायचा, "अरे धरा ना दार! तुमच्या बापाचं आहे का?"

जाड्याची गोष्ट सांगून झाली. टाळ्या झाल्या. दहा, नऊ, आठ. पाचव्या नंबरावरच्या पोरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. चौथा वाचत असताना पडदेबाईच्या मानेला गार वारा लागला. दार उघडलं होतं, पण आपटलं नव्हतं. तिने वळून पाहिलं. लेक दोन्ही हातांनी दार धरून मागच्या मागे लावत होती. केस कापले होते, वाळली होती. आईकडे बघून ती हसली आणि शेजारी येऊन उभी राहिली. पडदेबाईने तिचा हात हातात घेतला. गिटारच्या तारांनी बोटांची टोकं टणक झाली होती.

कानसेनांनी तिला पाहिलं. डोक्यांवरून त्यांची नजर मागे आली, थांबली, आणि ते क्षणभर अडखळले. मग त्यांनी तिसरा वाचला, दुसरा वाचला. 'उलटा पंखा'ची मंडळी ओरडली. दुकानदाराने विचारलं, "आणि पहिला?"

कानसेनांनी कागद खाली ठेवला.

"पहिला आहे," ते म्हणाले, "पण त्याची जागा यंदा रिकामी राहील. ह्या वर्षीचा सगळ्यात चांगला अल्बम माझ्या घरातल्या माणसाचा आहे. माझ्या पोरीचा." लोकांत कुजबुज झाली. "नियम म्हणजे नियम. मित्राला जो लावला तोच पोरीला." आणि मग ते थांबले, लोकांकडे बघितलं, मागे बघितलं, आणि त्यांचा आवाज चढला. "आता तुम्ही म्हणाल, कव्हर झाकलेलं, मग कळलं कसं? अहो, कव्हर कशाला लागतंय? पहिली ओळ ऐकली आणि ओळखलं मी. शेवटी बापाचे कान आहेत हे!"

काय टाळ्या पडल्या. एक म्हातारा उभा राहून म्हणाला, "वा! ह्याला म्हणतात तत्त्व." कुणीतरी शिट्टी मारली. हे त्यांनी पोरीसाठी म्हटलं की टाळ्यांसाठी, हे पडदेबाईला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही नाही. कदाचित त्यांना स्वतःलाही नसेल कळलं. बोलता बोलता त्यांचा त्यावर विश्वास बसला असेल, तसाही त्यांचा स्वतःवर चटकन विश्वास बसायचा.

लेक आईकडे वळली. चेहरा असा उजळला होता, की टाकीखालून बाहेर येणारी पोर पडदेबाईला डोळ्यांसमोर दिसली.

"खरंच, आई?" ती म्हणाली. "पहिल्याच ओळीला?"

फक्त हो म्हणायचं होतं. हो सुद्धा नको, मान हलवली असती तरी भागलं असतं. खोटं नवऱ्याने आधीच बोलून ठेवलं होतं, हिने नुसता हात लावायचा होता. पडदेबाईला ते बोलायचं होतं, मनापासून बोलायचं होतं, पोरीसाठी ती ह्याहून मोठं खोटं बोलली असती. पण खोलीत गाण्याचा आणि नवऱ्याचा विषय होता, काहीतरी लपवायचं होतं, आणि तिचा चेहरा तिला न विचारताच कोरा झाला. इतक्या वर्षांची सवय. भिंतीसारखा कोरा.

तो चेहरा लोकांना कळत नसे. कानसेनांनाही कधी कळला नाही. पण लेक त्याच घरात वाढली होती. आई कोरी झाली की आत काय असतं, हे तिला अक्षर ओळखण्याच्या आधीपासून माहीत होतं. तिने आईकडे नीट बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू उतरून गेलं.

"बरं," ती म्हणाली.

"अगं, तसं नाही... नंतर त्यांचे डोळे भरून आले होते. मी पाहिलं स्वतः. चांगली गाते म्हणाले."

"नाव वाचल्यावर."

पडदेबाईने तिचा हात आणखी घट्ट धरला.

"असू दे, आई. निघते मी. बस आहे."

"थांब ना जरा. ते येतीलच आता इकडे, गर्दी कमी झाली की..."

तेवढ्यात दुकानदाराने 'उलटा पंखा' मोठ्याने लावला. सगळे बोलत होते, हसत होते. कानसेन माणसांच्या गराड्यात उभे होते. त्यांनी डोळे मिटले, मान किंचित कलती केली, आणि लोकांनी गप्प बसावं म्हणून एक बोट वर केलं. दुकान शांत झालं.

लेकीने ते बोट पाहिलं. मग वाकून आईच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "हळू. बाबा ऐकतायत."

ती गर्दीतून वाट काढत दारापाशी गेली. पडदेबाईला वाटलं, आपट. देवा, हिला एकदा तरी दार आपटू दे. काच फुटली तरी चालेल, मी भरून देईन. पण लेक बाहेर गेली, वळली, आणि लहानपणापासून शिकवलं होतं तसं दोन्ही हातांनी दार धरून इतकं हळू लावलं की आत कुणालाही ऐकू आलं नाही.